बैलगाडी शर्यतीचं मैदान: सातारा-सांगलीकडची धावपट्टी आणि तिचा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी खटाव तालुक्यातला शेतकरी. आमच्या गावच्या यात्रेतल्या मैदानाची जागा बघण्यापासून ती परत नांगरून देण्यापर्यंतचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. बैलांची, ड्रायव्हरांची, बक्षिसांची चर्चा पारावर रोज होते. जमिनीबद्दल मात्र लोक यात्रा पंधरा दिवसांवर आली की विचारतात, आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. शेजारच्या माण, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या यात्रा कमिट्यांचेही फोन असतात. त्या सगळ्यांसाठी हे एका जागी लिहून ठेवतो आहे.

मैदान, घाट आणि रेसकोर्स यांत फरक काय?

पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडे शर्यत घाटात होते. घाट म्हणजे चढाची, आखूड, कायमची बांधून काढलेली वाट. तिथे एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढे घोडी पळते आणि निकाल सेकंदांवर लागतो.

आपल्याकडे मैदान असतं. सपाट जमीन, शेजारीशेजारी आखलेली तासं (म्हणजे प्रत्येक गाडीची आपली सरळ वाट), एका गटात पाच-सात गाड्या एकदम सुटणार आणि जी आधी निशाण ओलांडेल ती पुढे जाणार. गटातली पहिली गाडी सेमीला, सेमीतली पहिली फायनलला. म्हणजे जिंकणाऱ्या जोडीला एकाच दिवसात त्याच जमिनीवरून तीनदा जीव तोडून पळावं लागतं. जमीन वाईट असेल तर ती तिन्ही वेळा वाईटच असते, हे कमिट्यांनी आधी लक्षात घ्यावं.

रेसकोर्स हे घोड्यांचं. ते लंबगोल असतं, त्यावर गवत असतं आणि ते वर्षभर सांभाळलं जातं. आपलं मैदान दोन दिवसांचं, म्हणूनच ते जास्त जपून करावं लागतं.

पल्ला किती ठेवावा?

राज्याच्या नियमांत धावपट्टीची कमाल मर्यादा एक हजार मीटर आहे. पण मर्यादा आहे म्हणून तेवढं अंतर भरून काढलंच पाहिजे असं नाही. पलीकडे थांबायला जागा नसताना ओढूनताणून हजार मीटर करणारी मैदानं मी पाहिली आहेत. सुटलेली जोडी निशाणावर थांबत नाही. ती पुढे बरीच लांब जाते आणि त्या पुढच्या जागेत बांध, विहीर, ओढा किंवा लावलेल्या गाड्या असतील तर अपघात ठरलेला. आम्ही पळायच्या अंतराच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी जागा निशाणापुढे मोकळी सोडतो. जागा कमी पडली तर पल्ला कमी करतो, थांबायची जागा कधीच कमी करत नाही.

अंतरावरून एक सांगतो. घोड्यांच्या शर्यतीत अंतर फर्लांगात मोजायची पद्धत होती. एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, साधारण २०१ मीटर. हा शब्द इंग्रजांच्या शेतातून आलेला आहे: नांगराला जुंपलेले बैल मधे न थांबता जेवढं लांब तास ओढत, तेवढं ते अंतर. आपल्याकडेही नांगराची रेघ म्हणजे तास आणि शर्यतीत गाडीच्या वाट्याला आलेली वाटही तासच. निवेदक माईकवरून ‘चार नंबर तास’ म्हणतो तेव्हा तो नांगरटीचाच शब्द बोलत असतो. घोड्यांचं रेसकोर्स आणि आपलं मैदान, दोन्हीकडचं माप बैलांनी घालून दिलेलं आहे याचा मला फार आनंद वाटतो.

धावपट्टी सरळच का? रेसकोर्ससारखी गोल का नाही?

घोडा एकटा पळतो. वळणावर तो अंग आत कलतं करून वळतो. आपल्याकडे दोन बैल एका जुवाखाली असतात आणि मागे दोन चाकांची हलकी गाडी. वळण आलं की बाहेरच्या बैलाला जास्त अंतर तोडावं लागतं, आतल्याला कमी. जू मात्र दोघांना एका रेषेत धरून ठेवतं. भर वेगात हे जमत नाही. जोडी फाकते नाहीतर गाडी उलटते. शिवाय डाव्या खांदीला, म्हणजे जुवाच्या डाव्या बाजूला, पळणारा बैल उजवीला नीट पळेलच असं नसतं. दोन्ही खांदी पळणारा बैल म्हणजे भाग्याची गोष्ट. जोडी जुळवतानाच ही तारांबळ असते, त्यात वळण नको.

सरळ म्हणजे डोळ्याला सरळ वाटणारी नव्हे. दोरी लावून, दर शंभर फुटांवर खुंटी ठोकून आखलेली. एखादं तास मधेच हातभर जरी शेजाऱ्याकडे झुकलं तरी गाड्या एकमेकींत घुसतात.

कोणती जमीन चांगली?

हा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणून उत्तरही मोठं देतो.

काळी जमीन बघायला सपाट आणि मऊ, म्हणून नवख्या कमिट्या ती पसंत करतात. पण काळी माती सुकली की भेगाळते. वरून पाणी मारून भेगा बुजल्यासारख्या दिसतात आणि आत पोकळी तशीच राहते. बैलाचा पुढचा पाय त्यात गेला की खेळ संपला. तीच माती जास्त भिजली तर घसरते, चाकाला चिकटते. काळ्या रानात मैदान घ्यायचंच असेल तर पीक निघाल्यावर लगेच, भेगा रुंदावण्याआधी हलकी कुळवट करून, ढेकळं फोडून, थोडं थोडं पाणी देत दोन-तीनदा रोलर फिरवावा लागतो.

माळरान, म्हणजे मुरमाड जमीन, आपल्या दुष्काळी पट्ट्यात भरपूर. ती पाणी धरत नाही, भेगाळत नाही, बसते छान. पण तिच्यात दगडगोटे असतात. बैलाचा खूर दुभंगलेला. पळताना तो फाकतो आणि बारीक खडा बरोबर त्या बेचक्यात जाऊन बसतो. घोड्याचा खूर एकसंध असल्याने त्याला हा त्रास होत नाही. म्हणून माळावर दगड वेचण्याचं काम यंत्रावर सोडू नये. माणसं ओळीत उभी करून, वाकून, हाताने वेचावे लागतात.

माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली जमीन म्हणजे तांबूस, हलकी, वर चार बोटं माती आणि खाली घट्ट मुरूम असलेली. पाय रुततो पण अडकत नाही. शेतातून अनवाणी जोरात चालून बघा. टाचेला ठणका बसला तर जमीन कठीण आहे, पाऊल वर काढताना माती सोबत आली तर ओली आहे. आमचे आबा असंच बघायचे. मीही अजून तसंच बघतो.

दगडाबद्दल एवढा आग्रह का, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच मैदानात एक मोठा दगड उपटून काढला आणि खड्डा सैल मातीने बुजवला. वरून रोलर फिरला, खड्डा दिसेनासा झाला. चुलत्यांचा हरणा नावाचा बैल सेमीला त्या तासावरून आला आणि त्याचा पुढचा डावा पाय बरोबर तिथे गेला. बैल वाचला, पण त्यानंतर तो कधी जुवाखाली गेला नाही. चुलत्यांनी त्याला शेवटपर्यंत गोठ्यात सांभाळला. दगड काढून खड्डा बुजवणाऱ्यांत मी होतो. तेव्हापासून काढलेल्या प्रत्येक दगडाच्या जागी चुन्याची खूण करतो, खड्डा थराथराने पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरतो आणि त्यावर स्वतः उड्या मारून बघतो.

धावपट्टी तयार करायला किती दिवस लागतात?

घाईत तीन दिवसांत होते. नीट करायची तर आठवडा धरा. दगड वेचणं आणि खड्डे भरणं यालाच निम्मा वेळ जातो. मग लेव्हल, पाणी, रोलर, परत पाणी. शेवटचं पाणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्यावं. सकाळी टँकर फिरवला तर पहिल्या गटातल्या गाड्या घसरतात. शर्यती चालू असताना धूळ फार उडू लागली तर गटांच्या मधल्या वेळात अगदी हलका शिडकावा, तोही सगळ्या तासांवर सारखा. एका तासावर जास्त पाणी पडलं की तक्रारी सुरू, आणि त्या रास्त असतात.

दिशा कोणती असावी?

जमेल तिथे उत्तर-दक्षिण. फायनल नेहमी संध्याकाळी होते आणि धावपट्टी पश्चिमेला तोंड करून असेल तर ऊन थेट ड्रायव्हरच्या आणि बैलांच्या डोळ्यांत जातं. निशाणावर निकाल देणाऱ्या झेंडापंचालाही नीट दिसत नाही. वाऱ्याचाही विचार करा: वारा जिकडून येतो त्या बाजूला प्रेक्षक असावेत, म्हणजे धूळ त्यांच्यापासून लांब जाईल.

कोणतं तास लागलं तर चांगलं?

चिठ्ठीत जे निघेल ते. मधली तासं चांगली आणि कडेची वाईट असं बरेच जण मानतात. त्यात तथ्य आहे, पण कारण जमीन नाही, माणसं आहेत. कडेच्या तासाला गर्दी खेटून उभी असते, आरडाओरडा असतो, बैल बुजतो आणि आत ओढतो. गर्दी दहा-पंधरा फूट मागे ठेवली की कडेच्या तासांवरूनही गाड्या नंबरात येतात.

एक मात्र खरं. दिवस चढतो तशी तासं चाकांनी आणि खुरांनी उकलत जातात. पहिल्या गटाला मिळालेली जमीन चाळिसाव्या गटाला मिळत नाही. म्हणून सेमीआधी अर्धा तास थांबून सगळी तासं पुन्हा दाबून घ्यावीत. वेळ जातो म्हणून हे टाळू नका.

आपल्याकडच्या शर्यती किती जुन्या?

त्यांना एक साल चिकटवता येणार नाही. शर्यती यात्रेबरोबर आल्या आणि यात्रा बैलबाजाराबरोबर. माणदेशात पाऊस कमी, शेती बेभरवशाची; पण इथल्या खिल्लार बैलाने इथल्या माणसाला तारलं. पांढरा, काटक, लांब मागे वळलेल्या शिंगांचा, तापट आणि पळाऊ. आटपाडी महाल आणि म्हसवड ही त्याच्या प्रकारांची नावं आपल्याच गावांवरून पडली आहेत. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा मोठा बाजार भरतो. जनावर विकत घेणाऱ्याला त्याचा पळ बघायचा असतो, विकणाऱ्याला दाखवायचा असतो. शर्यतीचं मूळ मी तरी या बाजारातच बघतो.

साताऱ्यात मोठं नाव पुसेगावचं. मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथावर भाविक नोटांच्या माळा वाहतात, आणि यात्रेतल्या हिंदकेसरी मैदानाला राज्यभरातून जोड्या येतात. पुसेगावचं मैदान मारणं म्हणजे काय, हे बैल पाळणाऱ्या कुठल्याही घरात विचारा.

बंदी कधी आली आणि कधी उठली?

११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बैलाचा समावेश प्रदर्शन आणि खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने अटींसह परवानगी दिली, तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. तामिळनाडूतल्या आंदोलनानंतर तिथे कायदा बदलला, पाठोपाठ एप्रिल २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळानेही दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यात झरे भागात बंदी झुगारून शर्यत झाली, ती राज्यभर गाजली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकचे कायदे वैध ठरवले.

बंदी चुकीचीच होती ना?

मला असं सरसकट म्हणता येत नाही. बंदीच्या काळात शर्यतीचं खोंड सांभाळणं परवडेना, कित्येक दावणी रिकाम्या झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते दुःख अजून आहे. पण त्याआधी मैदानात काय चालायचं, तेही पाहिलं आहे. शेपटी पिरगाळणं, चावणं, आरी टोचणं, बॅटरीचा शॉक देणं. हे करणारे थोडे होते आणि बघून गप्प बसणारे आपण सगळे होतो. आज अटी आहेत म्हणून शर्यत टिकून आहे. कासऱ्यावर आणि आवाजावर पळणारी जोडीच खरी, असं माझे आबा बंदी यायच्या कितीतरी आधी म्हणायचे.

परवानगीसाठी काय लागतं?

जिल्हाधिकाऱ्यांकडे आयोजकांनी आधी अर्ज करायचा. धावपट्टीची जागा, लांबी, सोयी सगळं दाखवावं लागतं. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी. चाबूक, काठी, टोचणी, विजेचं कुठलंही साधन चालत नाही. बैलाबरोबर घोडा जुंपता येत नाही. बैलाला इजा होईल असं वागलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जागेचा नकाशा काढतानाच पशुवैद्यकांची आणि रुग्णवाहिकेची वाट वेगळी दाखवा; गर्दीतून वाट काढत बैलापर्यंत पोचायला वेळ गेला तर डॉक्टर असून उपयोग नाही.

घोड्यांवर पैसे लावता येतात, मग बैलांवर का नाही?

घोड्यांच्या शर्यतीसाठी १९१२ पासूनचा वेगळा परवाना कायदा आहे आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. बैलगाडी शर्यतीला तसा कोणताही परवाना नाही. मैदानात पैज लावणं हा जुगार आहे. प्रवेश फी आणि बक्षीस ही वेगळी गोष्ट. पैजेवाले मैदानात शिरले की ड्रायव्हरवर दबाव येतो आणि तो दबाव शेवटी बैलाच्या पाठीवर उतरतो. त्यांना उभं करू नका.

मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून आपण काही शिकावं का?

जरूर. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चं. त्याची आखणी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्ससारखी केली. पुण्याचं त्याहून जुनं, १८३० सालचं, लष्कराच्या जमिनीवर. मुंबईत हिवाळा-उन्हाळ्यात शर्यती आणि पावसाळ्यात पुण्यात, म्हणजे एक जमीन पळते तेव्हा दुसरी विसावा घेते. १९४३ पासूनची इंडियन डर्बी महालक्ष्मीला २४०० मीटरची होते, तर २८०० मीटरची सेंट लेजर पुण्यात.

तिथे मला सगळ्यात आवडलं ते जमीन मोजणं. शर्यतीच्या दिवशी पेनेट्रोमीटर नावाचं साधन जमिनीत खुपसून ती किती कठीण वा मऊ आहे ते बघतात आणि आकडा जाहीर करतात. आतलं कुंपण अधूनमधून बाहेर सरकवतात, म्हणजे रोज एकाच पट्ट्यावर टापा पडत नाहीत आणि गवताला सावरायला वेळ मिळतो. आपल्याला यंत्र नको. टोकदार लोखंडी सळई घ्या, एकाच उंचीवरून प्रत्येक तासावर दहा जागी सोडा आणि किती बोटं आत गेली ते लिहा. सगळ्या तासांचे आकडे जवळजवळ सारखे आले तरच चिठ्ठी काढा. आम्ही हे करायला लागल्यापासून तासावरून होणारी भांडणं निम्म्यावर आली.

पावसाळ्यात शर्यत घ्यावी का?

नको. माती धरत नाही आणि रानात पीक असतं.

बघायला गेलो तर उभं कुठे राहावं?

निशाणाच्या पुढे कधीच नाही. तिथे गाड्या थांबत असतात, जोड्या तिरक्या जातात, ड्रायव्हरचा ताबा सैल झालेला असतो. बहुतेक माणसं तिथेच जखमी होतात, कारण निकाल जवळून बघायचा असतो आणि मोबाईल डोळ्यांसमोर असतो. धावपट्टीच्या मधल्या भागात, दोरीच्या मागे, थोड्या उंचवट्यावर उभे राहा. लहान पोरांना खांद्यावर घ्या. आयोजकांना सांगणं असं की नुसती दोरी पुरत नाही. दोन्ही कडांना फूटभर खोल चर मारून माती बाहेरच्या बाजूला टाका. माणूस दोरीखालून सहज येतो, चर ओलांडताना दोनदा विचार करतो.

मैदान झाल्यावर जमिनीचं काय होतं?

ज्यांनी रान दिलं त्यांचं ते नुकसान असतं आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. रोलरने, टँकरने, हजारो पायांनी माती दगडासारखी बसलेली असते. साध्या नांगराला ती दाद देत नाही. कमिटीने खर्च करून खोल नांगरट करून द्यावी, चर बुजवावेत, बाटल्या-पिशव्या वेचाव्यात आणि बांध फोडला असेल तर परत घालून द्यावा. हे आधीच कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे ते पहिल्या वर्षी लिहिलं नव्हतं आणि पुढच्या वर्षी कुणी रान द्यायला तयार होईना.

नांगरट कितीही खोल केली तरी खूण राहतेच. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की रानात बाकी सगळीकडे पाणी मुरतं, आणि जिथे तासं होती तिथे सात लांब सरळ रेषांत ते थोडा वेळ तसंच साचून राहतं.